हिरव्या फडक्यातला इतिहास

इतिहासावर बोलत नाही असा माणूस आमच्या शहरात मला अजून भेटलेला नाही, आणि इतिहास वाचलेला माणूस शोधायचा म्हटलं तर चपला झिजतात. रिक्षावाला बोलतो, केस कापणारा बोलतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा जिलबी मोडता मोडता यादवांचं राज्य कसं बुडालं ते सांगतो, आणि हे तुम्ही कुठं वाचलंत असं विचारलं की त्याला राग येतो. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला. निवृत्तीनंतर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, तर आता लोक फोनवर पाठवतात. वर तलवारीचं चित्र, खाली चार ओळी, त्याखाली ‘पुढे पाठवा’. मी पाठवत नाही. आधार काय, एवढंच विचारते. मग तो माणूस महिनाभर माझ्याशी बोलत नाही आणि माझा तो महिना बरा जातो. हा खवचटपणा मला म्हातारपणानं आलेला नाही. विशीच्या आतच तो अंगात होता. ‘ह्या पोरीच्या जिभेला हाड नाय,’ असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि तिच्या स्वतःच्या जिभेला ते कुठं होतं ते मला कधी दिसलं नाही.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहत होतो. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं गल्लीवर उघडणारी एक खिडकी. कन्नड तालुक्यातली जमीन मोठे काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बघायचे; वडील, ज्यांना मी अण्णा म्हणायची, शहरात कचेरीत होते. सकाळ व्हायची ती स्टेशनावरच्या इंजिनाच्या शिट्टीनं, मग मशिदीतली बांग, मग शेजारच्यांच्या रेडिओवरची भजनं, आणि या सगळ्यांवर कडी करणारा मायच्या भाकरीचा आवाज. ती भाकरी अशी थापायची की गल्लीच्या टोकाला कळावं, आमच्याकडं ज्वारी संपलेली नाही. वर येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घालून केलेलं पीठ. मराठवाड्याबाहेर कुणाला ते समजावून सांगायचा मी आता प्रयत्न सोडलाय. पुण्याच्या माझ्या एका सहकारी बाईंनी ती आमटी खाऊन ‘पिठल्यासारखीच आहे की’ असं म्हटलं होतं. त्यांनी पुढं इतिहासावर सहा पुस्तकं लिहिली. ती त्या आमटीवरच्या मताइतकीच विश्वासार्ह आहेत.

अण्णांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. पोलिस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली, आणि संसार असलेल्या या माणसाला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागली. मी आणि अण्णा एकाच सुमारास मराठी लिहायला शिकलो, आणि माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. कचेरीत त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लोक हसायचे. घरात त्यांनी उर्दूचं नावच टाकलं होतं. दुकानाची उर्दू पाटी समोर आली तरी ते दुसरीकडं बघायचे. विसरलो, म्हणायचे. पण पगाराचे पैसे मोजताना ओठ हलायचे ते ‘ग्यारह, बारह’ असेच.

आमच्या देवघराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात हिरव्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं असायचं. दर गुरुवारी संध्याकाळी माय त्याच्यापुढं ऊद घालायची आणि चिमूटभर साखर ठेवायची. आत काय आहे हे मी लहानपणी विचारलं तेव्हा ‘पाक नाव हाय, हात लावू नको’ एवढंच उत्तर मिळालं; पाक म्हणजे पवित्र. आमच्या भागात यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. खंडोबाला जाणारी माणसंच दर्ग्याच्या उरुसाला नारळ घेऊन जायची, आणि ज्याच्या नवसानं मूल झालं त्याचं नाव मुलाला द्यायची. आता याच शहरात मला लोक समजावतात की असं कधी नव्हतंच. मी ऐकून घेते. गुरुवारचा तो वास माझ्या केसांत असायचा आणि कॉलेजातल्या मुली नाक मुरडायच्या, हे त्यांना सांगून काय उपयोग!

तर मी कॉलेजात इतिहास घेतला, आणि मला एक पुस्तक हवं झालं. मागणं फार मोठं नव्हतं. रोज गच्चीवरून दूर दौलताबादचा डोंगर दिसायचा. तिथं शेकडो वर्षं कोण राहिलं, काय खाल्लं, कुणी कुणाला का मारलं, हे सांगणारं एक तरी खरं पुस्तक असावं, एवढीच इच्छा. आमच्या सरांना विचारलं. सरांचं स्वतःचं गाईड होतं, दर वर्षी तेच, वर नवं वेष्टण. ते म्हणाले, ‘मध्ययुग म्हणजे अंधारयुग. अंधारात काय वाचणार?’ वर्ग हसला. सरांना तो विनोद इतका आवडला की पुढच्या तासाला त्यांनी तो पुन्हा केला. मग मी गुलमंडीवरच्या पुस्तकाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, ‘इतिहास पाहिजे? कसला देऊ, लढाईचा का प्रेमाचा?’ दोन्ही नको म्हटल्यावर त्यानं मला पंचांग दाखवलं. वाचनालयात ‘इतिहास’ अशी ठळक पाटी लावलेलं कपाट होतं आणि त्यात वरपासून खालपर्यंत कादंबऱ्या. प्रत्येक मुखपृष्ठावर घोडा, प्रत्येक घोडा मागच्या दोन पायांवर उभा. मध्ययुगात घोडे चार पायांवर कधी चालले की नाही, अशी मला शंका यायला लागली. खरी पुस्तकं काचेच्या कपाटात होती, कुलपात. किल्ली अध्यक्षांकडं, आणि अध्यक्ष कायम मुंबईला. काचेतून पुठ्ठ्यांवरची नावं वाचून मी परत यायची. अध्यक्षांनी तरी ती वाचली असतील का? त्यांचं भाषण मी एकदा ऐकलं होतं. नसावीत.

घरच्या आघाडीवर मोठे काका होते. ते महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, ज्वारीचं पोतं उतरवायचे आणि जेवण झालं की इतिहास सांगायचे. त्यांच्या इतिहासात आमच्या कुणा पूर्वजानं कन्नडच्या घाटात दिल्लीची अख्खी फौज एकट्यानं अडवली होती. माझ्या लहानपणी त्याच्या हातात भाला होता. मी कॉलेजात गेले तोपर्यंत नुसता विळा उरला होता, कारण विळ्यानं अडवली म्हटलं की माणसं जास्त वाहवा करतात. त्याचं नाव काय, असं मी एकदा विचारलं. ‘नाव कशाला पायजे? अंगात रगत हाय ना त्याचं?’ काका म्हणाले. रक्तावर परीक्षा पास होता आलं असतं तर मी पहिली आले असते.

शेवटी नाइलाजानं मी घोड्यावरच आले. वाचनालयातून देवगिरीवरची एक कादंबरी आणली आणि माय संध्याकाळी ज्वारी निवडत बसली की तिला वाचून दाखवायला लागले. त्यातला राजा मरणाच्या दारात चार-चार पानं बोलायचा. मायला ते आवडायचं. ‘लई गुणाचा व्हता,’ म्हणून ती डोळे पुसायची. एक दिवस वेढा सुरू झाला आणि दिल्लीच्या सैन्यानं किल्ल्यावर तोफा डागल्या. कोपऱ्यात अण्णा चपलेचा अंगठा शिवत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘तोफ नव्हती तेव्हा.’

‘मग काय होतं?’

‘मंजनीक. लाकडाचं धूड असायचं, त्यातून धोंडे फेकायचे. तोफा लई नंतर आल्या इकडं.’

माझं वाचन थांबलं. एवढी वणवण करून मला एक धड वाक्य मिळालं नव्हतं, आणि इथं माझ्याच घरात चप्पल शिवणारा माणूस ते फुकट देत होता. हे कुठं वाचलं, असं मी विचारलं. ‘कुणीतरी बोललं असंल,’ म्हणाले आणि दोरा तोडला. पण बोलताना त्यांची नजर एकदा कोनाड्याकडं जाऊन आली, आणि मी काही आंधळी नव्हते.

त्यानंतर मी त्यांचा पिच्छाच पुरवला. मुलीच्या कटकटीपुढं कोणता बाप किती दिवस टिकेल? एका रविवारी दुपारी माय भजनी मंडळात गेली तेव्हा त्यांनी हात धुतले, गाठोडं खाली काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. आत दोन जाड पुस्तकं होती. पहिल्या पानावर वेलबुट्टीत मोठ्या अक्षरात देवाचं नाव, तेव्हाच्या कोणत्याही उर्दू पुस्तकावर असायचं तसं. त्याखाली मात्र दख्खनचा इतिहास होता, पान न् पान. अण्णांचे शाळेतले मास्तर पोलिस ॲक्शननंतर गाव सोडून गेले, जाताना त्यांनी ही पुस्तकं आवडत्या विद्यार्थ्याच्या हातात ठेवली होती.

‘आणि मायला काय सांगितलंत?’

‘खोटं नाय सांगितलं. पाक नाव हाय म्हटलं. हाय की पहिल्या पानावर.’ ते पुस्तकावरून बोट फिरवत राहिले. ‘तुझ्या काकांनी माझी बाकीची समदी पुस्तकं न्हाणीच्या चुलीत घातली. पाणी तापवलं त्याच्यावर. ही दोन तेवढी मी आधीच तुझ्या मायच्या हातात दिली व्हती. ती देवाला भिते, माणसाला नाय. आणि भाऊ पिराला भितो. म्हटलं, राहतील.’

काकांवर मी पुष्कळ तोंडसुख घेतलंय, पण हेही सांगायला हवं. रझाकारांच्या दिवसांत गावातलं आमचं घर जळालं होतं, कडब्याची गंज जळाली होती. ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आगीनंतर त्यांना ती लिपीच बघवत नव्हती. मला त्यांच्या त्या वागण्याचा राग येतो आणि ते मला कळतंही.

अण्णा वाचायला लागले. आधी उर्दू ओळ, मग अडखळत तिचं मराठी. दिल्लीची राजधानी दौलताबादेला आली त्या भागापाशी आल्यावर लेखक थांबून सांगत होता, की अख्खं शहर इकडं हाकललं असं काही लिहितात, फक्त बडी माणसं आणली असं दुसरे लिहितात. कोणी कुठं लिहिलंय ते हे असं, आणि खरं काय ते मला कळलेलं नाही. मी अण्णांना ते पुन्हा वाचायला लावलं. ‘कळलेलं नाही’ असं म्हणणारा इतिहासकार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या सरांना सगळं कळलेलं होतं, काकांना कळलेलं होतं, मागच्या पायांवर उभ्या घोड्यांनासुद्धा कळलेलं होतं. चांगलं पुस्तक ओळखायची माझी खूण तेव्हापासून तीच आहे. आधी बघायचं लेखक कुठं सांगतो की हे मला माहीत नाही. तसं एकही ठिकाण नसेल तर पुस्तक खाली ठेवायचं, मग त्यावर कितीही बक्षिसांचे शिक्के असोत. त्या दोन पुस्तकांची नावं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. मी सांगत नाही. सांगितलं की विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

तीन-चार रविवार असे चोरून मिळाले. मग एकदा भजन लवकर आटोपलं आणि माय दारात उभी. अण्णांच्या मांडीवर पाक नाव उघडं पडलेलं, त्याच्या काठाला टेकून चहाची बशी, आणि माझे पाय थेट त्याच्याकडं पसरलेले. मायनं कानांवर हात ठेवले. ‘अगं पाप लागंल! पाय घे आधी! आन् तुमाला बी काय लाज हाय का?’ ती पुस्तक उचलून कपाळाला लावत होती. आता खरं सांगण्यावाचून अण्णांना गत्यंतरच उरलं नाही. त्यांनी सांगितलं.

मायनं कपाळाशी धरलेलं पुस्तक खाली घेतलं. मग म्हणाली, ‘म्हंजी मी इतकी वर्सं राजांच्या लढायांना साखर ठिवली?’ खाली पडलेलं हिरवं फडकं तिनं उचललं. ‘मला येडी केली व्हय!’ एवढं बोलून ती चुलीकडं गेली, आणि त्या दिवसापासून तिनं अण्णांशी बोलणं बंद केलं. स्वयंपाकात कसूर नव्हती, पण भाकरी ताटात वरून पडायची. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. ‘ह्यांना म्हणावं, पाणी तापलंय.’ अण्णा हातभर अंतरावर बसलेले असायचे. पुस्तकं तिनं कोनाड्यात परत ठेवली नाहीत. हिरवं फडकं धुऊन घडी केलं आणि पुस्तकं ट्रंकेवर उघडीच राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. न वाचलेली होती तोवर त्यांच्या केसाला धक्का लागला नव्हता. आता ती नुसती उर्दू पुस्तकं होती.

आणि त्याच आठवड्यात काका आले. पोतं उतरवलं, घाम पुसला, ट्रंकेवर नजर गेली. वरचं पुस्तक त्यांनी उघडलं आणि विंचू दिसल्यासारखं मिटलं.

‘ह्ये काय हाय?’

अण्णा जमिनीकडं बघत बसले. मी म्हटलं, ‘इतिहास आहे, काका. दौलताबादचा.’

‘कुणी लिव्हलेला? त्यांनीच ना? मंग तेंचाच असंल!’ काकांनी ज्वारी डब्यात रिकामी केली, पोतं झटकलं आणि दोन्ही पुस्तकं त्यात घातली. ‘जाताना नेतो. घाटात देतो फेकून. ह्या घरात ह्ये नगं.’

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण त्यात पूर्वजाचा विळाही आला असावा, कारण काकांचा चेहरा पडला. अण्णा मात्र तसेच. ही पुस्तकं ज्यानं देवाच्या नावाखाली जगवली तो माणूस ती डोळ्यांदेखत जाताना एक अक्षर बोलत नव्हता. कचेरीत हसं झालं तेव्हाही तो असाच बसला असेल. त्या क्षणी मला त्यांची चीड आली, आजही ते चित्र आठवलं की येते.

तेवढ्यात माय चुलीपासून उठून आली. आमच्याकडं थोरल्या दिराशी बाई समोरासमोर बोलत नसे. तिनं पिठाच्या हातानंच पदर डोक्यावर ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, ‘सुमे, काकांना म्हणावं, पोतं खाली ठिवा.’

काका तीन पावलांवर होते. तरी मी म्हटलं, ‘काका, पोतं खाली ठेवा.’

‘मायला म्हणावं, ह्ये देवाचं नाय. आत्ता तूच बोललीस.’

‘काकांना म्हणावं, देवाचं नसंल. माझं हाय.’ मायचा आवाज चढला नव्हता. ‘गंज जळाली तव्हा मी बी तिथंच व्हते म्हणावं. ही पोर कडंवर घिऊन धुरातनं पळाले. माझ्या अंगावरचं समदं तिथंच गेलं. काडी लावणारे मी बघितल्यात, तोंडं याद हायती मला. त्यात ही पुस्तकं नव्हती.’

यातलं एक अक्षरही मला काकांना सांगावं लागलं नाही. मला कडेवर घेऊन ती पळाली होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्या घराण्याच्या इतिहासात विळेवाला होता, ती नव्हती. काकांनी पोतं खाली ठेवलं. मग त्यांनी पुस्तकं बाहेर काढली, ट्रंकेवर ठेवली, कडेला आलेलं एक आत सरकवलं. जेवायला बसले. आमटी झकास झालीय असं मायला सांगायला त्यांनी मला सांगितलं, आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून एसटी गाठली.

दिवेलागणीला मायनं भांडी आवरली आणि पदर खोचून जमिनीवर बसली. ‘सुमे, ह्यांना म्हणावं, वाचा. मला बी बघू दे, कशापायी ऊद जाळला ते.’ मला सांगायची गरज पडली नाही. अण्णा उठले, चष्मा लावला, गल्लीकडची खिडकी लोटून कडी घातली आणि ट्रंकेशी येऊन बसले. पुस्तक उघडून ते वाचायला लागले, इतक्या बारीक आवाजात की शेजारी बसून मलाही धड ऐकू येईना. बाजारात रोज दखनी उर्दूत घासाघीस करणाऱ्या मायला ती भाषा अर्धी तरी कळत होती, पण कळायला आधी ती कानावर तर पडायला हवी.

माय उठली. तिनं कडी काढली आणि खिडकीची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. समोरच्या ओट्यावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. परत येऊन ती अण्णांच्या समोर बसली आणि कितीतरी दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलली.

‘मोठ्यानं वाचा,’ ती म्हणाली. ‘मला कमी ऐकू येतं.’

तिला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू यायचं.